साहेबांचे कान

साहेब, तुम्हाला जिन्यावरून खाली आणताना तुमचं डावं कोपर माझ्या हातात आलं. मुद्दाम कोणी केलं नव्हतं. लिफ्टमध्ये माणूस आडवा मावत नाही, म्हणून आम्ही सहा जणांनी तुम्हाला चादरीत घेऊन तिसऱ्या मजल्यावरून उतरवलं, आणि मी उभा होतो तिथे नेमकं तुमचं कोपर होतं. खाली सोसायटीच्या जास्वंदीत शिंजीर ओरडत होता, बारीक, एकसारखा. माझं बोट आपोआप हललं आणि तुमच्या कोपरावर टेकलं. एकदा. म्हणजे डावीकडे. पुढच्याच पायरीवर मला माझा इतका राग आला की पाय चुकता चुकता राहिला.

दोन पावसाळे मी तुमच्याशी बोललो नव्हतो. तुम्ही गेलात म्हणून आता गोड बोलायला लागेन असं समजू नका. माणूस गेला की एका दिवसात त्याचं सगळं चांगलंच होतं, ही आपल्याकडची रीत मला कधी पटली नाही. मुग्धाने माझ्याकडे एक पानाचा लेख मागितलाय. आपल्या पक्षीनिरीक्षणाच्या ग्रुपचं लिहिणं-पाठवणं तीच बघते, बँकेतून आल्यावर. तुमच्या वह्यांमधल्या सगळ्या नोंदींची पुस्तिका काढायची ठरलीय, तिच्यात पहिलं पान माझं. "काका, तुम्हीच त्यांच्याबरोबर सगळ्यात जास्त फिरलात," म्हणाली. पोरीला नाही कसं म्हणायचं? म्हणून कागद घेऊन बसलो. पण हा तो लेख नव्हे. हे कागद माझ्याकडेच राहतील.

शोकसभेचं सांगतो, तुम्हाला ऐकायला आवडेल. तुमच्याच सोसायटीच्या हॉलमध्ये झाली, अंबरनाथ पूर्वेतली निम्मी माणसं आली होती. गळ्यात दुर्बीण घातलेला तुमचा फोटो, त्याला हार, समोर प्लास्टिकच्या खुर्च्या. जो उठला तो तुमच्या कानांवर बोलला. साहेबांना पान हललं तरी कळायचं. साहेब डोळे मिटून पन्नास पक्षी सांगायचे. आपल्या ग्रुपमधला चंदूभाई कॅम्प दोनमधलं शिलाईचं दुकान बंद करून आला होता, हे त्याच्या बापाच्या वेळीही त्याने केलं असेल की नाही शंका आहे. माईक धरून रडत म्हणाला, "साईं, साहेब का कान नहीं था, रडार था रडार. आपल्या एरियात असा कान परत होणार नाय."

मी तिसऱ्या रांगेत बसलो होतो. सगळ्यांनी वळून माझ्याकडे बघितलं, आता काशिनाथ भोईर बोलतील म्हणून. मी हात जोडले आणि बसून राहिलो. लोकांना वाटलं, दुःखामुळे. दुःखामुळे नव्हतं ते, साहेब.

कारण ते कान माझे होते.

तुम्हाला आठवतं का, आपली ओळख कशी झाली? तुम्ही नुकतेच कारखान्यातून निवृत्त झाला होतात. नदीकडच्या आमच्या शेतात, बांधावरच्या बाभळीखाली, नवी कोरी टोपी घालून उभे होतात. डोक्यावर हातभर अंतरावर फुलटोच्या कलकलत होता आणि तुम्ही दुर्बीण लावून भलतीकडेच काहीतरी शोधत होतात. मी म्हणालो, "साहेब, तुमचे डोक्यावर बोंबलतंय त्यो, न तुमी तिकरं काय बगताव?" तुम्ही दचकून वर बघितलंत. पक्षी बघितलात आणि त्याचं नाव फटकन सांगितलंत, मराठी, इंग्रजी आणि ते तिसरं शास्त्रातलं. डोळा तुमचा खरोखर तीक्ष्ण होता. एवढासा पंख दिसला की नर-मादी, वय, सगळं सांगायचात. ते मी कबूल करतो, आणि एवढ्यासाठीच कबूल करतो की पुढचं खोटं वाटू नये.

पुढच्या रविवारी तुम्ही परत आलात आणि बांधावर माझ्या शेजारी बसून खालच्या आवाजात सांगितलंत. तीस वर्षं प्रेसशॉपमध्ये, पत्रे कापणाऱ्या मशिनींच्या मधोमध. त्यात कानातले बारीक आवाज गेले. जाड आवाज येतात, भारद्वाज, तांबट, धनेश. पण शिंजीर, फुलटोच्या, असलं बारीक काही म्हणजे काही नाही. "ग्रुपमध्ये कोणाला माहीत नाही, काशिनाथ," तुम्ही म्हणालात. "कोणाला सांगू नकोस." मी म्हणालो, नाय सांगणार. आणि मी आजपर्यंत बायकोशिवाय कोणाला सांगितलं नाही. तिला सांगितलं कारण ती विचारायची, की दर रविवारी तुम्ही दोघं नवरा-नवरीसारखे कोपराला कोपर लावून काय चालता म्हणून.

ती युक्ती कोणाची होती, माझी की तुमची, यावर आपण पुष्कळ भांडलो. माझीच होती. मी डावीकडून चालायचं, हात तुमच्या कोपराशी. बोट एकदा दाबलं की डावीकडे, दोनदा दाबलं की उजवीकडे, दाबून धरलं की डोक्यावर. तुम्ही एक क्षण थांबायचात, मान थोडी कलती करायचात, जशी ऐकणाऱ्याची होते तशी. मग दुर्बीण उचलून पक्षी शोधायचात आणि मोठ्याने नाव सांगायचात. मागचे सगळे थक्क. ती मान कलती करणं मात्र शंभर टक्के तुमची युक्ती होती. नाटकात गेला असतात तर नाव काढलं असतंत.

आता कोणी विचारेल की मग इतकी वर्षं मी हे का केलं. मी विचारतो ना स्वतःला. खरं उत्तर असं आहे की मला त्याची गरज होती. लहानपणापासून भाताच्या राखणीला बसलेला माणूस मी. मुनिया कुठून येणार, पोपटांचा थवा कुठल्या झाडावर टेकलाय, हे डोळ्याआधी कानाला कळलं पाहिजे, नाहीतर दुपारपर्यंत कणसं रिकामी. मग आमची ती जमीन गेली. भावाभावांनी सह्या केल्या, मीही केली. तिथे आता सात मजली बिल्डिंगी आहेत आणि बाभळीच्या जागी वॉचमनची केबिन. घरात पैसा आला आणि मला सकाळी उठून जायला जागा उरली नाही. राखायचंच काही नव्हतं. तेव्हा तुम्ही रविवारी दारात उभे राहायचात. "चल, काशिनाथ." तुम्ही मला परत राखणीला बसवलंत, साहेब. तुमची जुनी दुर्बीण मला दिलीत. आवाज मला सगळे माहीत होते, त्यांना एकेक नाव तुम्ही दिलंत. त्याचे उपकार मी विसरलो नाही. विसरता आले असते तर दोन पावसाळे इतकं जळलं नसतं.

पण तुमचे नियम! ग्रुपचे नोंदीचे नियम तुम्ही कारखान्याच्या तपासणी रजिस्टरवरून केलेत. पक्षी ज्याने ओळखला त्याच्या नावावर, नुसतं आधी दिसलं किंवा ऐकू आलं त्याला किंमत नाही. आवाजावरची नोंद चालेल, पण स्वतःच्या कानाने ऐकलेली हवी. नोंद चुकली तर फाडायची नाही, खरडायची नाही. एका सरळ रेघेने खोडायची, खालचं अक्षर वाचता आलं पाहिजे, आणि बाजूला खोडणाऱ्याने खरं काय ते लिहून पूर्ण नावाची सही करायची. हे सगळं तुम्ही आम्हाला चिखलोली धरणावर, उन्हात उभं करून, दोनदा वाचून दाखवलंत. स्वतःच्या कानाने! ते वाक्य वाचताना तुम्ही माझ्याकडे बघितलं नाहीत. त्या नियमांप्रमाणे माझं नाव तुमच्या वहीत येण्याचा प्रश्नच नव्हता. एकदा गमतीत म्हणालो तर तुम्ही म्हणालात, "अरे, नावाचं काय घेऊन बसलास?" ज्याचं नाव सगळीकडे असतं त्याला असं म्हणणं सोपं असतं.

आणि ते "अरे". तुम्ही माझ्याहून सहा वर्षांनी मोठे, जास्त नाही. पहिल्या दिवसापासून मी काशिनाथ आणि तू. तुम्ही साहेब आणि तुम्ही. मी तुमच्या कारखान्यात एक दिवस कामाला नव्हतो.

तरीही तळ्यावर यायला मी सगळ्यात आधी हो म्हणालो. केरळातलं ते रानातलं तळं, चारी बाजूंनी बारा महिने हिरवं जंगल, मला फोटोतच वेड लावलं होतं त्याने. तुमचं वेड वेगळं होतं. तुम्हाला तिबोटी खंड्या हवा होता. चिमणीएवढा पक्षी, पण जांभळा, निळा, नारिंगी, सगळे रंग एकाच अंगावर. पावसात आपल्याकडे कोकणात येतो, शाळेतल्या मुलांना दिसतो, आणि तुम्हाला वीस वर्षांत एकदाही दिसला नव्हता. कोकणात मी बरोबर नसायचो, आणि प्रत्येक वेळी तो ओरडत पुढे निघून जायचा आणि तुम्हाला ते ऐकूच यायचं नाही. त्याचा आवाज सुईसारखा बारीक. हे फक्त आपल्या दोघांना माहीत होतं. गाडीत तुम्ही माझ्या कानाशी येऊन म्हणाला होतात, "काशिनाथ, या वेळी मिळवून दे." असं तुम्ही माझ्याकडे कधी काही मागितलं नव्हतं. मी म्हणालो, "देतो साहेब."

चंदूभाईने निघताना सगळ्यांना तेरा खिशांची जॅकेटं शिवून आणली होती, कॉलरवर अमेरिकेचं लेबल. जळवा चढू नयेत म्हणून पायमोजेही शिवले होते, पडद्याच्या उरलेल्या कापडाचे, माझ्या मोज्यांवर गुलाबाची फुलं होती. त्या मोज्यांवरून तुम्ही हसून हसून डोळे पुसलेत. तो प्रवास चांगला गेला. तेवढाच.

मग पहिल्या संध्याकाळचं जेवण. शेजारच्या टेबलावर बाहेरगावचे पक्षीवाले होते, मोठमोठे कॅमेरे घेऊन आलेले. मुग्धाने त्यांच्यापुढे तुमच्या कानांची स्तुती सुरू केली आणि तुम्ही ती मान खाली घालून ऐकत होतात, हसत होतात. त्यांच्यातल्या एकाने माझ्याकडे बघून विचारलं, हे कोण? मी तोंड उघडायच्या आत तुम्ही म्हणालात, "हा आमच्या गावाकडचा माणूस. स्टँड-बिंड उचलतो. फार उपयोगी आहे."

मी माझ्या खर्चाने आलो होतो, साहेब. मोठ्या दुर्बिणीचा स्टँड मी उचलायचो कारण तुमचा खांदा दुखायचा. मी केळीच्या पानावरचा भात संपवला, पान दुमडलं, उठलो. तुम्हाला काही वाटलंच नाही, तुम्ही त्यांना धनेशाबद्दल सांगत होतात. एका शब्दाने माणसाला एवढं लागावं का, असं मीही स्वतःला विचारलं आहे. पण तो एक शब्द नव्हता, तो सगळ्या रविवारांचा हिशेब होता. दहा वर्षं मी तुमचे कान होतो आणि ओळख करून द्यायची वेळ आली तेव्हा तुम्हाला माझे फक्त खांदे आठवले.

दुसऱ्या दिवशी सकाळी आपण बांबूच्या तराफ्यावर होतो. तळ्यात जुन्या झाडांचे काळे खुंट उभे, त्यांच्यावर पंख पसरून वाळत बसलेले पाणकावळे. डोक्यावरून महाधनेशाची जोडी गेली, पंखांचा आवाज भात्यासारखा. तो तुम्हालाही आला आणि तुमचा चेहरा लहान मुलासारखा उजळला. मग वाटाड्याने तराफा पूर्वेकडच्या अरुंद फाट्यात घेतला. दोन्हीकडून फांद्या पाण्यावर वाकलेल्या, हिरवा काळोख. मी तुमच्या डाव्या बाजूला, हात सवयीने तुमच्या कोपराशी.

आणि तो ओरडला. डावीकडे, पाण्यालगत, दहा हातांवर.

माझं बोट तुमच्या कोपरावरच होतं. मी ते दाबलं नाही.

विसरलो नाही, चुकलो नाही, वेळ मिळाला नाही असंही नाही. तो परत ओरडला, मी परत दाबलं नाही. तुमचं कोपर माझ्या बोटाकडे किंचित सरकलं, साहेब. तुम्ही वाट बघत होतात. तेही मला कळलं, आणि मी बोट उचलून घेतलं.

मग वाटाड्याने हात वर केला. "सर, किंगफिशर! कॉलिंग, लिसन!" सगळ्यांनी श्वास रोखला. तुम्ही मान कलती केलीत आणि दुर्बीण लावलीत ती उजवीकडे, उंच झाडात. वाटाडा तुमच्याकडे बघतच राहिला. मुग्धा कुजबुजली, "काका, खाली, डावीकडे! केवढ्याने ओरडतोय. तुम्हाला ऐकू नाही येत?" तिने सहज विचारलं. तराफ्यावरच्या सगळ्यांनी तुमच्याकडे बघितलं. चंदूभाईनेसुद्धा.

तुम्ही दुर्बीण खाली घेतलीत. "कसं ऐकू येणार? हा काशिनाथ मघापासून कानाशी बडबडतोय."

तेवढ्यात पक्षी उडाला. पाण्यावरून रंगांची एक रेघ गेली. मी बघितली, मुग्धाने बघितली, चंदूभाईने बघितली. तुम्ही त्या वेळी माझ्याकडे बघत होतात.

काठावर उतरल्यावर सगळे पुढे गेले आणि मी तुम्हाला गाठलं. मी म्हणालो, "साहेब, मी एक शब्द बोललो नव्हतो."

"तेच तर," तुम्ही म्हणालात. "एक शब्द बोलला नाहीस."

बस. आपलं शेवटचं बोलणं तेवढंच. येताना गाडीत मी वरच्या बर्थवर पडून राहिलो, तिथून बदलापूरला घरी गेलो, आणि त्यानंतर ग्रुपला आलो नाही. लोकांना सांगितलं गुडघा दुखतो. मागाहून कळलं की तुम्हीही लोकांना गुडघाच सांगत होतात.

नाही, मधे एकदा भेटलो होतो. अंबरनाथ पूर्वेला, भाजीवाल्यापाशी. तुमच्या कानात मशीन होतं, नवं, कातडीच्या रंगाचं. मला बघून तुम्ही मेथीची जुडी तशीच हातात धरून म्हणालात, "आता सगळं ऐकू येतं." मी म्हणालो, "मग बरं झालं," आणि सरळ निघून गेलो. खरं सांगू? माझी जागा बोटाच्या पेराएवढ्या यंत्राने घेतली. इतकं सोपं होतं ते, तर दहा वर्षं मला कशाला फिरवलंत? रस्ताभर मी तुम्हाला मनात शिव्या घालत आलो.

शोकसभेनंतर वहिनींनी मला घरात बोलावलं. चहा दिला, आणि तुमच्या वह्यांची पिशवी पुढे ठेवली. "काशिनाथभाऊ, छापायच्या आधी तुम्ही एकदा डोळ्यांखालून घाला. त्यांचं अक्षर तुम्हालाच कळेल." मी मशिनीचं विचारलं. त्या म्हणाल्या, "कसलं मशीन! आठवडाभर घातलं. सगळे पक्षी एकाच पत्र्यावर वाजवल्यासारखे येतात म्हणाले, आणि कपाटात टाकलं. रविवारी सकाळी बूट घालून बसायचे मात्र. नऊ वाजले की काढून ठेवायचे." मी चहा संपवला.

वह्या घरी आणल्या आणि मनाशी ठरवलं की आता सोडायचं नाही. तुम्ही हयात असताना दिलेला शब्द मी पाळला. आता पुस्तिका निघणार, त्यात पानापानावर साहेबांनी ऐकला, साहेबांनी ऐकला. मी मुग्धाला खरं सांगणार होतो. मला बाकी काही नको होतं, त्या पुस्तिकेत माझं नाव हवं होतं.

वही उघडली आणि टिंबं दिसली.

काही नोंदींच्या शेवटी निळ्या शाईचं एकेक टिंब. आधी वाटलं, पेन टेकलं असेल. मग बघत गेलो. तांबट, टिंब नाही. भारद्वाज, नाही. शिंजीर, टिंब. फुलटोच्या, टिंब. परत शिंजीर, टिंब. पहिलं टिंब चिखलोलीच्या पानावर होतं, ज्या रविवारी मी पहिल्यांदा तुमच्या कोपराला हात लावला त्या रविवारचं. मी सगळ्या वह्या काढल्या. जिथे जिथे मी बोट दाबलं होतं तिथे तिथे टिंब होतं, एकही सुटलेलं नव्हतं. दहा वर्षांची टिंबं.

तुम्हाला वाटत असेल मी रडलो. मी वही भिंतीवर फेकली, साहेब. म्हणजे तुम्हाला सगळं माहीत होतं! एकेक लक्षात होतं! घरी येऊन, टेबलाशी बसून, तुम्ही प्रामाणिकपणे माझी नोंद ठेवत होतात, आणि ती टिंबाने ठेवत होतात, कोणाला कळू नये अशी. काशिनाथ. चार अक्षरं. चार अक्षरांना हात दुखला असता का तुमचा? घरात देव्हाऱ्यापुढे खरं बोलायचं आणि बाहेर चारचौघांत "स्टँड-बिंड उचलतो" म्हणायचं, याला काय म्हणतात ते तुमच्या तिन्ही भाषांमध्ये मला सांगा. भांड्यांचा आवाज थांबवून आमची मंडळी बाहेर आली. वही उचलली, पदराने पुसली आणि म्हणाली, "अवं, मेलेल्या मानसाव कवरा राग धरताव? बास करा आता."

तिने वही माझ्या हातात दिली ती उघडीच. ते तळ्याचं पान होतं.

"तिबोटी खंड्या. तळ्याचा पूर्वेकडचा फाटा. ऐकला." आणि पुढे टिंब. इतर टिंबांसारखंच, ना लहान ना मोठं.

त्या दिवशी मी बोट दाबलं नव्हतं, हे तुम्हाला माहीत होतं. तुम्ही माझ्या तोंडावर तसं म्हणालात. मग हे टिंब कसलं? पहिल्यांदा वाटलं, चोर! ऐकला नाही, बघितला नाही, तरी वीस वर्षांची हौस भागवायला वहीत घुसवलात, आणि साक्षीला माझं टिंब लावलंत. मग वाटलं, हा टोमणा आहे. मी कधीतरी वाचेन आणि जळेन म्हणून. मग तिसरंही एक मनात आलं, ते मला अजिबात नको होतं. की त्या संध्याकाळी तुम्ही वही उघडून बसलात आणि मी केलेली लबाडी नियमाप्रमाणे लिहायची वेळ आली तेव्हा तुम्ही ती लिहिली नाहीत. "काशिनाथने दाखवला" असं लिहिलंत, तुमच्या त्या मुक्या भाषेत. मला सांभाळून घेतलंत. मी मागितलं नव्हतं ते, साहेब! मला तुमची माफी नको होती, तुम्ही माझी मागायला हवी होती. आता कोणाला विचारू यातलं खरं कुठलं? सगळ्यांच्या तोंडावर खोटं बोलून गेलात, आणि एक गोष्ट बोलायची राहिली तीच नेमकी टिंबात ठेवून गेलात.

आणि माझी पंचाईत बघा. टिंबं दाखवून कान माझे होते म्हणायला गेलो, तर हे एक टिंबही माझंच म्हणावं लागतं. हे राहू दिलं तर तुम्हाला खंड्या मिळतो आणि मला इमानदार माणसाचं नाव मिळतं, दोन्ही फुकट. हे खोडलं तर तुमच्या यादीतून तो एक पक्षी जातो, ज्याच्यासाठी तुम्ही एकदाच माझ्याकडे हात पसरलात. मी "देतो" म्हणालो होतो.

एकदा तुम्हाला तू म्हणून बघितलं, एकटाच असताना. "तू चुकलास," म्हणालो. नाही जमलं. जीभच वळत नाही. तुम्ही चुकलात, साहेब. मीही चुकलो. पण आधी तुम्ही.

काल मुग्धाचा फोन आला. वह्यांच्या काही पानांचे फोटो तिच्याकडे आधीपासून होते. "काका, नोंदींपुढे ही टिंबं कसली आहेत? काही खूण आहे का?" दहा वर्षं मी ज्याची वाट बघत होतो तो प्रश्न तिने विचारला होता. फक्त हो म्हणायचं होतं.

मी म्हणालो, "नाही गं. पेन टेकवून विचार करायची सवय होती त्यांना. छापू नका ती."

तुमच्यासाठी बोललेलं हे शेवटचं खोटं. याचंही टिंब देता आलं तर द्या तिकडे कुठेतरी. चारचौघांत तुमचे कान राहू देत तुमचेच, शब्द दिला होता मी. पण तळ्याची नोंद मी सोडणार नाही, ती माझी आहे. तुम्हीच शिकवलंत, फाडायचं नाही, खरडायचं नाही. आज सकाळी फूटपट्टी लावून मी "ऐकला" या शब्दावर आणि त्याच्या पुढच्या टिंबावर एक सरळ रेघ मारली. खालचं वाचता येतं. पक्ष्याच्या नावाला हात लावला नाही, तो तिथे होताच. मग तुमच्या त्या नीटस ओळीशेजारी माझ्या वाकड्या अक्षरात लिहिलं, आणि नियमाप्रमाणे पूर्ण नावाची सही केली. उद्या मुग्धा वह्या न्यायला येणार आहे. इतक्या वर्षांत तुमच्या वहीत माझं नाव आलं ते एवढंच, आणि ते असं छापलं जाईल:

"खोडलेली नोंद चूक आहे. पक्षी होता. मी ऐकला, मी पाहिला. साहेबांना दाखवला नाही. काशिनाथ बाळाराम भोईर."